निओ जिओवरचे माझे आवडते गेम, तेही चार क्रेडिटमध्ये

निओ जिओ ह्या जपानच्या एसएनके कंपनीच्या गेम कन्सोलचं नाव काढलं की लोक पहिले किमतीवर येतात, म्हणून ते आधीच उरकून टाकतो. १९९१ साली अमेरिकेत ह्याचा गोल्ड पॅक ६४९ डॉलर ९९ सेंटला यायचा, त्यात दोन जॉयस्टिक, मेमरी कार्ड आणि एक गेम, आणि त्यानंतरचा प्रत्येक गेम घ्यायचा तर दोनशे डॉलरच्या आसपास मोजायचे. त्याच वर्षी सुपर निन्टेंडो १९९ डॉलरला आला. म्हणजे तिकडे जेवढ्यात आख्खा कन्सोल तेवढ्यात इकडे एक कार्ट्रिज. जपानमध्ये तर एसएनकेने सुरुवातीला हा विकलाच नाही, १९९० मध्ये भाड्याने द्यायचे, मग मागणी दिसली तेव्हा कुठे दुकानात ठेवला.

तर एवढे पैसे कशाचे? व्हिडिओ गेम पार्लरमधला गेम जसाच्या तसा घरी, असं तेव्हा सगळेच सांगायचे आणि घरी आणून लावला की पात्रं बुटकी झालेली, मागचा देखावा अर्धा गायब, आवाज पिचका. समुराई शोडाउन ह्या तलवारबाजीच्या गेमचंच बघा ना, सेगाच्या मेगा ड्राइव्हवर आणला तेव्हा अर्थक्वेक नावाचा अवाढव्य जाड्या त्यातून सरळ काढूनच टाकला, आणि सुपर निन्टेंडोवर सगळे आले पण कॅमेऱ्याचं जवळ-लांब होणं गेलं आणि माणसं बारकी झाली. निओ जिओवर हा प्रश्नच नव्हता कारण पार्लरमधलं एमव्हीएस आणि घरातलं एईएस आतून एकच मशीन होतं. १२ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८०००, आवाजासाठी झेड ८० आणि यामाहाची वायएम २६१० चिप, आणि गेमचा कोडसुद्धा तोच, फक्त कार्ट्रिजच्या पिना वेगळ्या. गेम चालू होताना बायोसकडे, म्हणजे मशीनच्या आतल्या मूळ प्रोग्रामकडे, चौकशी करतो की बाबा मी आत्ता पार्लरमध्ये आहे की घरात, जपानमध्ये आहे की अमेरिकेत, आणि त्याप्रमाणे भाषा, सेटिंग सगळं बदलतो. एकाच कार्ट्रिजमध्ये दोन्ही. मेमरी कार्डही दोन्हीकडे चालायचं, घरचा सेव्ह घेऊन पार्लरमध्ये जा आणि तिथल्या मशीनला कार्डाचा स्लॉट असेल तर तिथून पुढे खेळा, हे १९९० च्या मानाने फारच पुढचं काम होतं राव.

२४ बिटची जाहिरात मात्र थापेबाजी. १६ अधिक ८ बरोबर २४, असा तो हिशोब. खरी ताकद चित्रांमध्ये होती. ह्या मशीनला बॅकग्राउंडचा वेगळा थर असा नाहीच, वरचे आकडे आणि अक्षरं सोडली तर झाडं, डोंगर, इमारती, माणसं सगळंच स्प्राइट, म्हणजे हलवता येणारी सुटी चित्रं, एका वेळी ३८० पर्यंत, आणि ६५,५३६ रंगांमधून ४,०९६ रंग एकदम स्क्रीनवर. स्प्राइट लहान करता यायचे पण मोठे करता यायचे नाहीत, त्यामुळे आर्ट ऑफ फायटिंगमध्ये कॅमेरा जवळ येतो तेव्हा जे दिसतं ते मूळ आकाराचं चित्र आहे, ओढून ताणून चौकोन पडलेलं नाही. आणि मशीनची मेन रॅम फक्त ६४ केबी बरं का, म्हणजे ती सगळी अॅनिमेशनं कार्ट्रिजमधूनच थेट यायची, म्हणून कार्ट्रिजमध्ये चिपा ठासून भराव्या लागायच्या, म्हणून दोनशे डॉलर. सुपर मारिओ वर्ल्ड ४ मेगाबिटचा गेम, आणि १९९२ चा आर्ट ऑफ फायटिंग १०२ मेगाबिटचा. एसएनकेने शंभरी पार केल्याचा जाहिरातीत डंका पिटला तो काय उगाच नाही.

आता माझा मुद्दा. पार्लरचा गेम हा तुमच्या खिशातलं नाणं काढायला बनवलेला असतो, दर दोन-तीन मिनिटांनी तुम्ही मेले पाहिजेत पण असे मेले पाहिजेत की तुम्हाला वाटलं पाहिजे की चूक माझी होती, आत्ता परत टाकतो नाणं. हे गेम घरी आणले आणि कंटिन्यू फुकट करून टाकले की काय होतं? अर्ध्या तासात बटणं बडवत शेवट, आणि परत कधी लावायची इच्छा होत नाही. एसएनकेला हे तेव्हाच कळलं होतं, म्हणून एईएसवर बहुतेक गेममध्ये मोजकेच क्रेडिट, म्हणजे मेल्यावर परत सुरू करायच्या संधी, मिळतात, साधारण चार. चार संपले की गेम ओव्हर, चला पहिल्यापासून. आजकाल हेच गेम डाउनलोड करून खेळणारे लोक बटण दाबून हवे तेवढे क्रेडिट टाकतात आणि मग लिहितात की मेटल स्लग एका बसणीत संपला, छोटा आहे. अहो तुम्ही तो खेळलाच नाहीत. तर मी खाली जे गेम सांगतोय ते चार क्रेडिटच्या हिशोबाने सांगतोय, त्यात जो टिकला तो भारी, आणि ज्याला चार क्रेडिटमध्ये खेळताना नुसता संताप येतो तो गेम चित्रं कितीही छान असली तरी माझ्या यादीतून बाद.

पळत पळत गोळ्या झाडायचा मेटल स्लग अर्थातच पहिला. १९९६ चा, नाझका नावाच्या छोट्या टीमने बनवला, ती सगळी मंडळी इरेम कंपनीतून बाहेर पडलेली, आणि इरेमच्या इन द हंट आणि गनफोर्स २ मध्ये हा चित्रांचा हात ओळखू येतो, तेच गंजलेले पत्रे, तसेच डुगडुगणारे रणगाडे, तसेच तुकडे तुकडे होत कोसळणारे पूल. मजा अशी की आधी हा गेम फक्त रणगाड्याचा होता, पायी पळणारा माणूस नव्हताच, लोकांना खेळायला देऊन बघितला आणि मग मार्को आणि टार्मा आले. ते बरंच झालं म्हणायचं, कारण आता गेमचा सगळा जीव रणगाड्यात बसू की उतरू ह्या घोळात आहे. रणगाडा तीन मार सहन करतो, तुम्ही एकही नाही. पण रणगाडा जड आहे, अंगाने मोठा आहे, गोळ्या चुकवता येत नाहीत, आणि शेवटच्या क्षणी उडी मारून बाहेर पडलात तर जीव वाचतो, किंवा दोन बटणं एकत्र दाबून तो तसाच शत्रूवर सोडून द्यायचा. हे सगळं अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं.

आणि तपशील काय आहेत राव. शत्रूचे सैनिक गप्पा मारत बसलेले असतात, तुम्ही दिसलात की किंचाळून पळतात, तुम्ही मेलात की हसतात, लाज काढतात अक्षरशः. कैदी सोडवला की तो चड्डीत हात घालून तुम्हाला हत्यार काढून देतो, सलाम ठोकतो आणि पळत सुटतो. ह्या कैद्यांचं गणित फार हुशारीने बसवलंय, मिशन संपताना सोडवलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन बोनस मिळतो पण मध्ये मेलात तर आतापर्यंतचे सगळे गेले, त्यामुळे मिशनच्या शेवटाला बॉससमोर, म्हणजे सगळ्यात मोठ्या शत्रूसमोर, उभं असताना जिवापेक्षा त्या कैद्यांची काळजी जास्त. फुकट क्रेडिट टाकणाऱ्याला ह्यातलं काहीच जाणवत नाही. मशीनगन घेतली की निवेदकाचा तो हेवी मशीन गन असा खर्जातला आवाज, आणि वर-खाली वळताना गोळ्यांचा पंखा फिरतो तो नीट शिकून घ्या, सरळ मारण्यापेक्षा वळता वळता मारलेल्या गोळ्यांनी जास्त काम होतं.

मेटल स्लग २ सोडून द्या. गेम चांगला आहे, ममी होणं काय, जास्त खाऊन ढेरी सुटणं काय, धमाल आहे, पण मशीनला झेपत नाही, स्क्रीनवर जरा गर्दी झाली की सगळं पाण्याखाली चालल्यासारखं हळू. एसएनकेने १९९९ मध्ये तोच गेम दुरुस्त करून मेटल स्लग एक्स नावाने काढला, वेग ठीक केला, शत्रू बदलले, हत्यारं वाढवली, काही मिशनमध्ये दिवसाची वेळही बदलली, तो घ्या. २००० सालच्या मेटल स्लग ३ बद्दल माझं लोकांशी कायम भांडण होतं. चित्रं म्हणून हा निओ जिओचा कळस आहे, पहिल्याच मिशनमध्ये समुद्रकिनाऱ्यावर राक्षसी खेकडे, वाटेत पाण्याखाली जायचं की वरून जायचं असे फाटे, दुसऱ्या मिशनमध्ये तुम्ही स्वतः झॉम्बी होता आणि ग्रेनेडच्या बटणावर रक्ताची अशी उलटी करता की आख्खा स्क्रीन साफ, आणि मुद्दाम झॉम्बी व्हायचं की माणूस राहायचं ह्यात खरी डोकेबाजी आहे. पण शेवटचं मिशन! संपतच नाही. विमानं, मग अंतराळ, मग यान, मग यानाच्या आत, मग परत खाली येताना बॉस, म्हणजे आधीच्या चार मिशनचा मिळून जेवढा घाम निघत नाही तेवढा एकट्या त्यात. चार क्रेडिटमध्ये हा शेवट म्हणजे शिक्षा आहे, आणि म्हणून माझ्यासाठी पहिला मेटल स्लग तिसऱ्याच्या वर. सहा मिशन, एकही फालतू नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी दोन्ही चार-चार क्रेडिटमध्ये खेळून मग बोलावं.

फायटिंग गेमकडे येतो. निओ जिओवर फायटिंग गेमचा नुसता पूर आहे आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे आज लावण्यात काही अर्थ नाही. आर्ट ऑफ फायटिंग बघण्यासारखा आहे, मार खाऊन चेहरे सुजतात, चष्मे उडतात, शक्ती संपली की स्पेशल मूव्ह फुसका निघतो, ह्या कल्पना पुढे सगळ्यांनी उचलल्या, पण एकट्याने खेळताना फक्त रियो किंवा रॉबर्ट घेता येतो आणि कम्प्युटर इतका निर्दयी की चार क्रेडिट कुठे गेले कळत नाही. फेटल फ्युरीचा पहिला भागही तसाच, १९९१ चा. तो बनवणारे ताकाशी निशियामा हे कॅपकॉम कंपनीच्या पहिल्या स्ट्रीट फायटरचे दिग्दर्शक, तिथून एसएनकेत आले, आणि पुढच्या-मागच्या अशा दोन पट्ट्यांवर लढायची कल्पना त्यात आहे पण हाताळायला अवघड. खेळायचाच तर १९९३ चा फेटल फ्युरी स्पेशल खेळा.

समुराई शोडाउन २ मात्र कधीही. १९९४ चा गेम आहे आणि अजून त्याच्यासारखं दुसरं काही मला सापडलं नाही. बाकी फायटिंग गेममध्ये वीस फटक्यांचे कॉम्बो पाठ करावे लागतात, इथे एक जोरदार तलवार बसली की तिसरा हिस्सा लाइफ गेलं. त्यामुळे दोघं खेळणारे आधी नुसते पुढे-मागे करत राहतात, कोणी हात उचलायला तयार नाही, संगीतही शाकुहाची-शामिसेन ह्या जपानी बासरी-तंतुवाद्याचं, तेही मध्येच जवळजवळ थांबतं, वाऱ्याचा आवाज, आणि मग एकजण चुकतो. चुकलेला वार म्हणजे तुम्ही हवेत तलवार मारून वाकलेले उभे, आणि समोरच्याला जोरात मारायला पुरेसा वेळ. मार खाल्ला की राग वाढतो आणि रागाचा मीटर भरला की मार जास्त जोरात बसतो, म्हणजे हरत आलेला माणूस जास्त घातक होतो, हे इतकं साधं आणि इतकं बरोबर आहे. तलवारींना तलवारी भिडल्या की दोघांनी बटणं बडवायची आणि हरलेल्याची तलवार हातातून उडून जमिनीवर, मग निशस्त्र लढा किंवा धावत जाऊन उचला. मागून एक हमाल पळत येतो आणि कोंबडी टाकतो की बॉम्ब हे बघेपर्यंत थांबायचं का मारायचं, ह्यातही माणसं मेलेली आहेत. कॅमेऱ्याचं जवळ-लांब होणं इथे नुसतं शोभेचं नाही, लांब गेलं की तणाव वाढतो, माणसं लहान होतात आणि मधली जमीन मोठी दिसते.

बायोसचं मी वर म्हटलं ते इथे दिसतं. पहिला समुराई शोडाउन अमेरिकन मशीनवर लावला की रक्त पांढरं होतं, घामाच्या धारा उडाल्यासारखं, आणि तेच कार्ट्रिज जपानी मशीनवर लावा, लाल. एवढ्यासाठी लोक मशीन बदलून खेळायचे. बाकी पहिल्या भागात माझा जीव रमत नाही, दुसऱ्यात लोळणं, खाली वाकून चुकवणं, शत्रूचं हत्यार मोडणारा मूव्ह आणि गेंजुरोसारखा खडूस माणूस हे सगळं आल्यावर पहिला रिकामा वाटतो. ज्यांना हा वेग फार संथ वाटेल त्यांनी १९९८ चा लास्ट ब्लेड २ बघावा, त्यात खेळ सुरू व्हायच्या आधी पॉवर का स्पीड ते निवडायचं असतं आणि डी बटणाने समोरच्याचा वार झटकून टाकता येतो. सुंदर आहे, जरा उदास आहे, आणि शिकवायला कोणी सापडलं तर फार भारी आहे.

किंग ऑफ फायटर्समधला कुठला, ह्याचं उत्तर ९८, म्हणजे १९९८ चा भाग. बस. १९९४ मध्ये ही मालिका सुरू झाली तेव्हा तिघा-तिघांच्या ठरलेल्या टीम होत्या, ९५ पासून आपली टीम आपण जुळवायची सोय आली, आणि नंतर ओरोची ह्या खलनायकाची कथा वाढत ९७ ला संपली. ९८ मध्ये कथाच नाही, त्यामुळे कथेत मेलेले कित्येक परत, एकूण ३८ जण, आणि पहिल्यांदा एसएनकेने डोकं फक्त खेळ समतोल करण्यात घातलं. अॅडव्हान्स्ड मोडमध्ये धावणं, लोळणं आणि शक्तीचे गोळे साठवणं, एक्स्ट्रा मोडमध्ये जुन्या पद्धतीने बाजूला सरकणं आणि मीटर स्वतः भरणं, आणि दोघांनी वेगवेगळे मोड घेतले तरी सामना बरोबरीचा होतो. तिघांची टीम असण्याचा खरा फायदा नवशिक्याला आहे असं माझं मत, एक माणूस पटकन हरला तरी अजून दोघं आहेत, आणि समोरचा कितीही चांगला असला तरी त्याचा पहिला गडी तुमच्या तिसऱ्यापर्यंत येईपर्यंत थकलेला असतो. एकट्याने खेळणाऱ्याला मात्र शेवटी रुगल भेटतो. एसएनकेचे बॉस हा स्वतंत्र विषय आहे, ते नियमाने खेळतच नाहीत, आणि रुगलचा जेनोसाइड कटर हा मूव्ह बघून जॉयस्टिक खाली ठेवणारे लोक जगभर असतील. माझ्या कसोटीत ९८ इथे मार खातो, चारही क्रेडिट रुगलवर गेले तर आपण काही शिकलो असं वाटत नाही, नुसतं लुटल्यासारखं वाटतं. दोघांनी खेळा, मग ह्याला तोड नाही.

गारू मार्क ऑफ द वुल्व्ह्ज, १९९९. हातात घेतल्यावर मशीनचं वय विसरायला होतं. फेटल फ्युरीतला एकटा टेरी परत आला, तोही टोपी आणि लाल जॅकेट सोडून, बाकी सगळे नवे, एकूण चौदा. मार अगदी शेवटच्या क्षणी अडवला की जस्ट डिफेंड होतं आणि थोडंसं लाइफ परत मिळतं, आणि टॉप नावाची भानगड अशी की लाइफच्या पट्टीचा एक तुकडा तुम्ही सामन्याआधी निवडायचा, सुरुवातीचा, मधला किंवा शेवटचा, लाइफ त्या तुकड्यात असेपर्यंत तुम्ही जास्त जोरात मारता आणि हळूहळू भरूनही येता. म्हणजे तुमचा स्वभाव काय, सुरुवातीलाच धावून जाणारे का शेवटी उसळणारे, हे आधीच जाहीर करायचं. चित्रांबद्दल काय बोलू, रॉक हॉवर्डचं जॅकेट झटकणं बघा. गोष्ट मध्येच अर्धवट सोडली, मग २००१ मध्ये जुनी एसएनके दिवाळखोरीत गेली, आणि सिटी ऑफ द वुल्व्ह्ज नावाचा पुढचा भाग यायला २०२५ उजाडलं. २६ वर्षं! एवढी वाट पाहणारे लोक होते ह्यातच काय ते समजा.

आता जे मी सगळ्यात जास्त लावतो ते. विंडजॅमर्स, १९९४, डेटा ईस्टचा. दोन माणसं, मध्ये जाळी, एक उडती तबकडी, तबकडी मागच्या भिंतीत घातली की गोल, भिंतीच्या त्या भागाच्या रंगाप्रमाणे तीन किंवा पाच पॉइंट, आणि तबकडी समोरच्याच्या कोर्टात जमिनीवर पडली तर दोन. बटणं फक्त दोन वापरायची. समजावून सांगायला अर्धा मिनिट पुरतो आणि त्यानंतर लोक उठत नाहीत. गंमत अशी आहे की तबकडी पकडल्यावर जेवढ्या लवकर परत फेकाल तेवढी ती जोरात जाते, म्हणून विचार करायला थांबलात की तुमचा फटका मेला, आणि विचार न करता फेकला तर समोरच्याला आधीच कळतं कुठे जाणार. ह्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी खेळायचं असतं. भिंतीवर आपटून टाका, जॉयस्टिक अर्धगोल फिरवून वळण द्या, वरून उंच टाका, आणि उंच आलेल्या तबकडीखाली वेळेत पोचलात तर स्पेशल फटका मारायला मिळतो. सहा खेळाडू आहेत, हिरोमी मिता सगळ्यात चपळ पण फटक्यात दम नाही, क्लाउस वेसेल उलटा. तिथेही समतोल फार बारीक जमलाय, हलका माणूस घेऊन भारी माणसाला दमवून हरवण्यात जो आनंद आहे तो दहा फायटिंग गेममध्ये मिळून नाही. डेटा ईस्ट पुढे बंद पडली, गेम बरीच वर्षं अडकून होता, २०१७ मध्ये परत निघाला आणि २०२२ मध्ये दुसरा भाग आला. दुसरा चांगला आहे पण त्यात उड्या वगैरे घुसवल्यात, मला पहिलाच बरा.

त्याच जातीचा ट्विंकल स्टार स्प्राइट्स, १९९६, एडीकेचा. वरून बघितला तर लहान मुलींसाठी काढलेलं गुलाबी कार्टून वाटतं आणि लोक तिथेच फसतात. स्क्रीनचे उभे दोन भाग, दोघंही आपापल्या भागात विमानांच्या गेमसारखे शत्रू मारतायत, पण एकाच्या स्फोटाने दुसरा फुटला अशी साखळी लागली की त्याचे गोळे समोरच्याच्या भागात जाऊन पडतात, त्याने ते फोडले की परत तुमच्याकडे, आणखी मोठे होऊन. दोन मिनिटांत दोघांचंही डोकं फिरतं. ह्यात एकट्याने जितकी मजा येते तितकीच दोघांत येते, हे फार कमी गेमला जमतं.

निओ टर्फ मास्टर्सबद्दल थोडक्यात, कारण गोल्फ म्हटलं की अर्धे लोक पुढचं वाचणार नाहीत. नका करू असं. मेटल स्लगवाल्या नाझकाचाच हा गेम, त्याच वर्षीचा, चार देशांतले चार कोर्स, एकदा बटण दाबून जोर ठरवायचा, दुसऱ्यांदा दाबून उंची, वारा बघायचा आणि सोडायचा. गोल्फमधलं सगळं कंटाळवाणं काढून टाकलंय, चेंडू मारला की पुढच्याच क्षणी तुम्ही पुढच्या फटक्याला उभे. पार्श्वसंगीत जॅझच्या वळणाचं, रात्री झोपायच्या आधी अर्धा तास ह्यापेक्षा चांगला जाणार नाही. माझ्या घरात ज्यांनी आयुष्यात जॉयस्टिक धरली नाही त्यांनीही हा खेळलाय.

विमानांच्या गेममध्ये ब्लेझिंग स्टार, १९९८. ह्याच्या आधीचा पल्स्टार दिसायला जबरदस्त पण मेलात की मागे जाऊन जवळजवळ रिकाम्या हाताने परत सुरुवात, चार क्रेडिटमध्ये तो अन्याय आहे, मी नाही लावत. ब्लेझिंग स्टारमध्ये शत्रूला साधं मारायचं का बटण धरून ठेवून मोठा फटका सोडायचा हा हिशोब सतत चालू असतो कारण मोठ्या फटक्यात गुणाकार मिळतो. आणि हरल्यावर स्क्रीनवर येतं, यू फेल इट, युअर स्किल इज नॉट इनफ, सी यू नेक्स्ट टाईम, बाय-बाय. एवढं मोडकं इंग्रजी आणि एवढा अपमान एकत्र दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

शॉक ट्रूपर्स, १९९७, सॉरसचा, वरून दिसणारा धावाधावीचा गेम. आठ जणांतून एकटा घ्या किंवा तिघांची टीम घेऊन खेळता खेळता बदला. लोळण्याचं बटण आहे आणि लोळत असताना गोळी लागत नाही, मग काय, पूर्ण गेम लोळतच. वाटा तीन आहेत, डोंगर, जंगल, दरी, म्हणून परत परत लावता येतो. मेटल स्लगच्या सावलीत राहिला बिचारा.

सुरुवातीच्या काळातल्या गेमबद्दल कोणी विचारलं तर माझं उत्तर कडू आहे. मॅजिशियन लॉर्ड दिसतो छान, पण खेळताना नाणी ओरबाडायचा हेतू उघडा पडतो. नाम-१९७५ एकदा बघायला ठीक. बेसबॉल स्टार्स २ मात्र अपवाद, बेसबॉलचे नियम न कळणाराही त्यातली निवेदकाची बोंबाबोंब आणि चेंडू अंगावर आदळल्यावरची चित्रं बघून हसतो. आणि पझल बबल हुडकत असाल तर लक्षात ठेवा की तो पार्लरच्या एमव्हीएसवर होता, घरच्या एईएसवर अधिकृतपणे आलाच नाही, त्यामुळे त्या नावाने एईएसचं डबाबंद कार्ट्रिज कोणी दाखवलं तर दोनदा विचार करा.

आज खेळायचं कशावर? मूळ एईएस आणि मूळ कार्ट्रिज हा आता संग्राहकांचा खेळ झालाय, पहिल्या मेटल स्लगचं घरगुती कार्ट्रिज तर दुर्मिळ वस्तूंच्या यादीत असतं, आणि नकली माल भरपूर आहे. निओ जिओ सीडी १९९४ मध्ये स्वस्त गेमसाठी काढला होता पण सीडी ड्राइव्ह सिंगल स्पीडचा, किंग ऑफ फायटर्समध्ये प्रत्येक गडी बदलताना लोडिंग बघत बसायचं, तीन-तीन जणांच्या सामन्यात हे म्हणजे छळ. २०१८ ला एसएनकेच्या चाळिशीनिमित्त निघालेला निओ जिओ मिनी टेबलावर दिसतो गोंडस, ४० गेम आहेत, पण साडेतीन इंचाच्या स्क्रीनवर समुराई शोडाउनचा कॅमेरा लांब गेला की माणसं शोधावी लागतात. माझ्या मते हॅम्स्टर कंपनीच्या एसीए निओ जिओ मालिकेतले सुटे डाउनलोड सगळ्यात बरे. त्यात हायस्कोअर मोड आहे, एकच क्रेडिट, आणि कॅरव्हान मोड, पाच मिनिटांत जेवढा स्कोअर होईल तेवढा, आणि दोन्हींचे स्कोअर ऑनलाइन टेबलवर चढतात. साध्या मोडमध्ये क्रेडिट फुकट आहेत, तिथे हात आवरायची जबाबदारी तुमची.

जॉयस्टिक हवीच, पॅडवर समुराई शोडाउन जमेल पण किंग ऑफ फायटर्सचे अर्धगोल मूव्ह अंगठ्याला फोड आणतील. मूळ एईएसची जॉयस्टिक फार मोठी आणि जड, चार बटणं, मांडीवर नीट बसते. नवीन घेताना ए, बी, सी, डी एका हलक्या कमानीत आहेत का ते बघा, कारण हे गेम त्या रांगेसाठी बनलेत, चौकोनात मांडलेल्या बटणांवर ए आणि बी एकत्र दाबताना बोटं अडखळतात. आणि घ्यायचीच तर दोन घ्या, एक घेऊन विंडजॅमर्स लावण्यात काही मजा नाही, कम्प्युटर सुरुवातीला सोपा आणि शेवटी अचानक अमानुष होतो, मधलं काही त्याला जमतच नाही.